मूल शाळेसाठी तयार आहे का? ताराबाई मोडक यांनी ते अंगणात जाऊन पाहिलं

मे महिना संपत आला की सोयगावच्या माझ्या दवाखान्यात ताप-जुलाबाच्या रुग्णांबरोबर एक वेगळी तक्रार यायला लागते. मूल साडेपाच-सहा वर्षांचं, तब्येत ठीक, वजन ठीक. आई सांगते की पोरगं कुणाशी बोलत नाही, शाळेचं नाव काढलं की रडतं, बालवाडीत एका कोपऱ्यात बसतं. वडील विचारतात की याला पहिलीत घालावं का अजून एक वर्ष थांबावं. आणि दोघांच्याही मनात एक भीती असते, ती ते बोलून दाखवत नाहीत. आपल्या मुलाच्या डोक्यात काही कमी तर नाही ना?

तुम्ही अशा काळजीत असाल, तर आज औषधांऐवजी एका बाईंबद्दल सांगतो. त्या डॉक्टर नव्हत्या. पण लहान मूल शाळेसाठी तयार आहे की नाही हे कुठे आणि कसं पाहायचं, हे मला माझ्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या कामातून जास्त नीट कळलं, आणि तेही एक चूक करून झाल्यावर. ती चूक पुढे सांगतोच.

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलींनी शिकावं हे घरात वेगळं पटवून द्यावं लागलं नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर बाई म्हणजे लोक वळून पाहत. अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, पण ते टिकलं नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी होती. राजकोटला स्त्रियांच्या कॉलेजात प्राचार्यपद मिळालं आणि त्या तिकडे गेल्या.

इथवरची गोष्ट एका जिद्दी, शिकलेल्या बाईची. मानाची नोकरी होती, तशीच पुढे निघाली असती. पण त्यांनी ती सोडली आणि १९२३ च्या सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. कॉलेजच्या प्राचार्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांजवळ जमिनीवर येऊन बसायचं, हे तेव्हाच्या लोकांना खाली उतरणं वाटलं असणार. आजही आपल्याकडे बारावीच्या सरांना जेवढा मान असतो तेवढा अंगणवाडीताईला नसतो. माझ्या मते हे बरोबर उलटं आहे.

गिजुभाई स्वतः वकिली सोडून या कामात आलेले. दोघांवरही मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांचा प्रभाव होता. या मॉन्टेसरीबाई मुळात डॉक्टर होत्या हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८९६ साली रोममध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि १९०७ मध्ये तिथल्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. डॉक्टरचा एक गुण त्यांनी शिक्षणात आणला: आधी बघायचं, मग बोलायचं. मूल काय करतं, किती वेळ करतं, कशाने बिनसतं, बिनसल्यावर कसं सावरतं, हे मध्ये न पडता पाहायचं आणि लिहून ठेवायचं. परीक्षा नाही, बक्षीस नाही, शिक्षा नाही.

ताराबाईंनी भावनगरला हे सगळं अंगात मुरवून घेतलं. १९२६ साली गिजुभाई आणि त्यांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. शिक्षणपत्रिका हे मासिक दोघांनी गुजरातीत चालवलं आणि पुढे ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्ती काढली. मुंबईला परतल्यावर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. बालवाडी चालवायलासुद्धा शिकावं लागतं, ही गोष्ट तेव्हा नवी होती. तिथे त्याचं प्रशिक्षणही मिळू लागलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दादरच्या शिशुविहारात येणारी मुलं मध्यमवर्गीय घरांतली होती. आई-बाप शिकलेले, घरात पुस्तकं, अंगावर धुतलेले कपडे. ही मुलं पहिल्या दिवशी रडली तरी आठवड्याभरात रुळत. १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. (हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे.) तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई पुण्याच्या, १९१० चा जन्म, लहानपणीच लग्न आणि लगेच वैधव्य, मग शिक्षण घेऊन शिक्षिका झालेल्या. पुढची सगळी वर्षं दोघींनी बरोबर काम केलं.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुलं काही यायची नाहीत. तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? यांना शिक्षणाची आवड नाही, आई-बाप अडाणी, मुलं बुजरी. ताराबाईंनी तसं ठरवलं नाही. मूल आपल्याकडे येत नसेल तर आपण मुलाकडे जाऊ, एवढाच त्यांचा हिशोब. मग बालवाडीच वस्तीत गेली आणि एखाद्या घरापुढच्या अंगणात भरू लागली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. आज तुमच्या गावात ज्या पाटीखाली तुम्ही मुलाला लस द्यायला आणि वजन करायला नेता, तो शब्द इथून आला.

अंगणात गेल्यावर काय झालं असेल याचा जरा विचार करा. तेच मूल. पण आता आजी उंबऱ्यात बसलेली दिसते, शेळी बांधलेली दिसते, भाषा घरची आहे. बालवाडीच्या खोलीत तोंड न उघडणारं मूल इथे गाणं म्हणतं, दुसऱ्याच्या हातातला खडा ओढतं, भांडतं आणि पुन्हा खेळायला लागतं. त्याला लोकांत मिसळता येतं की नाही, हे आता दिसतं. आधी दिसत होती ती फक्त त्याची भीती.

१९५७ मध्ये काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली पाडे. इथे अडचण आणखी वेगळी निघाली. पाच-सहा वर्षांची पोरं दिवसभर गुरांमागे असत आणि पोरींच्या कडेवर धाकटी भावंडं. शाळेत येणार कोण? ताराबाई आणि अनुताईंनी जिथे गुरं चरत तिथेच शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हणत. कडेवरच्या भावंडांसाठी पाळणाघर काढलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी केली, म्हणजे थोरली बहीण शिकताना धाकट्याला दूर ठेवावं लागणार नाही आणि बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाला सगळं जग बदलल्यासारखं वाटणार नाही. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं. बिया, शंख-शिंपले, पानं, खडे, माती यांवर काम चाललं. तेही मुलांच्या ओळखीचं.

सहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला दिवसभर सांभाळते, त्याला भूक लागली की ओळखते, रडला की उगी करते. सामाजिक आणि भावनिक कौशल्यं म्हणजे दुसरं काय असतं? आणि तीच मुलगी शाळेच्या बाकावर गप्प बसली म्हणून मागास ठरते.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी जवळच्या तांड्यावरची एक मुलगी तिच्या आईने आणली. शाळेतून सांगून पाठवलं होतं की ती बोलत नाही, विचारलेलं कळत नाही, तपासून घ्या. बाहेर तीस रुग्ण बसलेले. मी मराठीत नाव विचारलं, रंग विचारले, बोटं मोजायला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचं सगळं लक्ष सुयांच्या ट्रेकडे होतं. दहा मिनिटांत मी चिठ्ठीवर लिहिलं की विकास उशिरा होत असावा, पुढे दाखवा. आईने चिठ्ठी घडी करून पदरात बांधली.

आठ-दहा दिवसांनी आठवडी बाजारात तीच मुलगी दिसली. आई कांदे निवडत होती आणि ही पाच-सहा पोरांना ओळीत बसवून काहीतरी खेळ चालवत होती. कुणाची पाळी आधी, कुणाची नंतर, ते तीच ठरवत होती. एक लहान पोरगं रडायला लागलं तर त्याला मध्ये घुसवून घेतलं. सगळं गोरमाटीत, धडाधड. मी पिशवी हातात धरून उभा राहिलो. माझ्या चिठ्ठीतलं एकही वाक्य त्या मुलीबद्दल नव्हतं. ते माझ्या खोलीबद्दल, माझ्या भाषेबद्दल आणि माझ्या घाईबद्दल होतं. आईला गाठून चिठ्ठी परत मागून घेतली. तिने ती अजून कुठे दाखवली नव्हती, हे माझं नशीब.

आमचा सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. जिल्ह्याच्या गावापेक्षा आम्हाला जळगाव जवळ. इथे एकाच वर्गात मराठी, गोरमाटी, तडवी, अहिराणी घरांतली मुलं बसतात. काही कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मूल अर्धं वर्ष दुसऱ्याच गावात असतं. अशा मुलाला अनोळखी माणसाने अनोळखी भाषेत पाच प्रश्न विचारून तपासणं म्हणजे वजनकाटा वाकडा ठेवून वजन करणं.

घरी काय पाहायचं

पहिलीत जाणाऱ्या मुलाला शंभरपर्यंत अंक लिहिता येतात का, हा प्रश्न बाजूला ठेवा. तुम्ही रोज बघता त्या गोष्टींकडे बघा. आईपासून वेगळं झाल्यावर ते रडलं तर थोड्या वेळाने सावरतं का? लघवीला लागली, तहान लागली, कुणी मारलं, तर ओळखीच्या मोठ्या माणसाला सांगतं का? लंगडी किंवा लपाछपी खेळताना आपली पाळी येईपर्यंत थोडं थांबतं का? हरल्यावर चिडेल, ते ठीकच, पण पाच-दहा मिनिटांनी परत खेळात येतं का? दुसरं मूल पडलं तर त्याच्या चेहऱ्याकडे बघतं का? भातुकली, दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर असे खोटे-खोटे खेळ खेळतं का? खोट्या खेळात मूल दुसऱ्याच्या जागी जाऊन बघतं, म्हणून माझ्यासाठी ही फार मोलाची खूण आहे.

यातलं सगळं रोज जमलं पाहिजे असं नाही. पाच वर्षांच्या मुलाला दर वेळी जमत नाहीच. तुमच्या सासूबाईंनाही पाळीची वाट बघताना राग येत असेल. बघायचं ते एवढंच की गेल्या दिवाळीला जितकं जमत होतं त्यापेक्षा आता थोडं जास्त जमतं का. आणि एकाच जागी बघू नका. घरी, शेतात, लग्नात, मामाच्या गावी, अंगणवाडीत बघा. मूल सगळीकडे गप्प आहे की फक्त शाळेत गप्प आहे, हा फरक डॉक्टरला फार उपयोगी पडतो. आम्ही वापरतो त्या प्रश्नावल्यांमध्येही बहुतेक प्रश्न पालकांना आणि शिक्षकांनाच विचारलेले असतात, कारण खरी माहिती तुमच्याकडे असते.

वयाचाही हिशोब करा. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असतं आणि त्याच्या शेजारचं साडेसहाचं असू शकतं. या वयात एक वर्ष म्हणजे फार मोठं अंतर. धाकट्या मुलाचं रडणं बऱ्याचदा फक्त धाकटेपणाचं असतं.

आता सरकारी शाळांमध्येही या बाजूकडे लक्ष दिलं जातं. २०२२ पासून पहिले पाऊल या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. तिथे भाषा आणि गणनपूर्व तयारीबरोबर सामाजिक व भावनात्मक विकासाचं वेगळं टेबल असतं, आणि मुलाच्या विकासपत्रावर नोंद होते. ते कार्ड म्हणजे निकालपत्रक नाही. काय कमी पडलं त्यावर घरी काय खेळायचं, हे आईला सांगण्यासाठी ते असतं. तिथे तुमचं मूल गप्प राहिलं तर घाबरू नका, गर्दीत आणि मंडपात मोठी माणसंही गप्प होतात. आणि हे लक्षात ठेवा की पहिलीत प्रवेश देताना मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊन निवड करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम १३ मध्ये, मनाई आहे. तयारी बघायची ती मुलाला मदत करण्यासाठी, परत पाठवण्यासाठी नाही.

डॉक्टरकडे कधी यायचं

मात्र सगळंच भाषेवर आणि लाजेवर ढकलू नका. माझ्या त्या चुकीच्या उलट चूकही मी पाहिली आहे. मुलगा लाजरा आहे, बाप पण उशिरा बोलला होता, असं म्हणत म्हणत तीन वर्षं गेली आणि नंतर कळलं की त्याला दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. सतत सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही, पण ऐकू कमी येतं. असं मूल वर्गात लक्ष देत नाही, हाक मारली तर वळत नाही, आणि हट्टी ठरतं. म्हणून वागणुकीची तक्रार आली की मी आधी कान आणि डोळे बघतो. मग रक्तातलं हिमोग्लोबिन. रक्त कमी असलेलं मूल खेळात मागे राहतं, चिडचिडं होतं, कोपऱ्यात बसतं, आणि आपण त्याला एकलकोंडं म्हणतो. झोप, जंत, घरातली भांडणं, हातात तासन् तास असलेला मोबाईल, हेही विचारतो. अधूनमधून काही क्षण मूल एकटक बघत राहतं आणि नंतर त्याला ते आठवत नाही असं होत असेल तर तेही सांगा, ती फिट असू शकते.

मूल वर्षाचं होऊनही नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, दीड वर्षापर्यंत बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर शाळेच्या वयाची वाट बघू नका. घरच्या भाषेत, घरच्या माणसांशीही चार-पाच वर्षांचं मूल संवाद करत नसेल, नजर देत नसेल, इतर मुलांमध्ये त्याला अजिबातच रस नसेल, तेव्हाही या. आणि येत असलेले शब्द किंवा येत असलेली कामं मूल विसरायला लागलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ते विकासातला उशीरही बघतं आणि गरज पडली तर जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतं. ही सोय मोफत आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, कामाला गेलात तरी आजीला पाठवा.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं, १९९२ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. ताराबाईंच्या मागे दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि देशभरातल्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. रत्नाकर मतकरींनी घर तिघांचं हवं हे नाटक ताराबाईंच्या आयुष्यावर लिहिलं, त्यात त्यांच्या घरातली ओढाताण आहे. माझ्यासारख्या डॉक्टरला मात्र त्यांचं ते एक पाऊल पुरतं, खोलीतून अंगणात टाकलेलं.

तांड्यावरची ती मुलगी आता चौथीत आहे. पहिलं वर्ष तिला जड गेलं. मग शाळेत तिच्या बोलीत बोलणाऱ्या एक ताई आल्या आणि तिचं तोंड उघडलं ते आजवर बंद झालेलं नाही, असं तिची आई सांगते.

तुम्ही मुलाला या कारणासाठी आणणार असाल तर सकाळच्या गर्दीत आणू नका, दुपारी चारनंतर या. अंगणवाडीचं कार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि मुलाचं नेहमीचं खेळणं बरोबर आणा. एखादं भावंडं किंवा शेजारचं मूल सोबत असेल तर फारच चांगलं. दवाखान्यामागे लिंबाखाली मोकळी जागा आहे. पोरं तिथे अर्धा तास खेळतील, तुम्ही आणि मी लांब बसून बघू.